स्प्रिंग एअर रायफलवर स्कोप बसवताना

घाई करू नकोस. आधी रायफल रिकामी आहे ना, बघ. रेल, म्हणजे रायफलवरची स्कोप बसवायची पट्टी, ११ मिमीची असेल तर पिकाटिनीच्या (रुंद, खाचांच्या रेलच्या) रिंगा बसणार नाहीत, मापूनच घे. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे धक्का देते; त्यात साधा स्कोप आतून निकामी होतो, स्कोप धरणारा माउंटही सरकतो. म्हणून स्कोप एअर रायफलला चालणारा हवा आणि माउंटला स्टॉप-पिन, म्हणजे रेलच्या भोकात अडकून त्याला सरकू न देणारी खीळ, हवीच. माझा पहिला माउंट पिनशिवाय होता, रोज झिरो, म्हणजे जुळवलेला नेम, हलायचा; मी मात्र छर्‍यांनाच दोष देत राहिलो.

डोळा नेहमीच्या जागी ठेवून स्कोप पुढे-मागे कर, पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत. स्कोपमधली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळव. मग रिंगांचे स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळ. जोर लावलास तर नळी चेपते.