परदेश-अभ्यास मंडळाचं सचिवपद नव्यानं घेतलंय? आधी एवढं बघा

अभिनंदन! एका परदेशाचा अभ्यास करणाऱ्या अभ्यासकांच्या मंडळाचा कारभार आता तुमच्याकडे आलाय. पहिल्या आठवड्यात सभासदांची यादी ताब्यात घ्या. एकच तक्ता: नाव, ईमेल, विषय, वर्गणी कधी संपते. महिनाभर आधी आठवण गेली नाही, की माणसं गळतात. भांडून नव्हे, नुसती विसरून.

मग पैसा. मंडळ ज्या देशाचा अभ्यास करतं, त्याच्या दूतावासाचं अनुदान मिळालं तर जरूर घ्या, पण संकेतस्थळ, टपाल असे कायमचे खर्च वर्गणीतूनच भागवा. कॅनडा सरकारनं २०१२ मध्ये परदेशातल्या कॅनडा-अभ्यासाला पैसे देणारी 'अंडरस्टँडिंग कॅनडा' योजना गुंडाळली, तेव्हा देशोदेशीच्या कॅनडा-अभ्यास संघटनांचा मोठा आधार गेला.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- पहिल्याच वर्षी नियतकालिक काढणं. पहिला अंक हौसेनं निघतो, दुसऱ्याला लेख नसतात. त्याऐवजी एका दिवसाची परिषद नीट करा.
- शोधनिबंधांचं आवाहन उशिरा काढणं. आठ महिने तरी हाताशी हवेत. व्हिसा आणि प्रवासखर्चाच्या मंजुरीतच निम्मे जातात.
- अध्यक्ष आणि खजिनदार एकदम बदलणं. बँकेतल्या सह्या अडकल्या, की साधं सभागृहाचं भाडंही देता येत नाही.

मंडळाची घटनादुरुस्ती, पुरस्कार वगैरे सध्या राहू द्या. अडलं तर विचारा.