शब्दशंका : ‘इंपोज’ आणि ‘इंपोझिशन’

प्रश्न : स्पेलिंग चुकले की मुलाच्या इंग्रजी शाळेत तोच शब्द पन्नास वेळा लिहायला लावतात आणि त्याला ‘इंपोझिशन’ म्हणतात. (मुलगा आधी पहिले अक्षर पानभर उभे लिहून काढतो, मग दुसरे!) वर्तमानपत्रांत मात्र कर, निर्बंध, भाषा यांच्या संदर्भात ‘इंपोज’ हे क्रियापद येते. हा शब्द एकच आहे का? मराठीत त्याला काय म्हणावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : शब्द एकच आहे. लॅटिनमध्ये ‘इन्’ म्हणजे वर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे; त्यांपासून झालेल्या ‘इम्पोनेरे’चा मूळ अर्थ ‘वर ठेवणे’ एवढाच होता, मग ते जनावराच्या पाठीवरचे ओझे असो की प्रजेच्या माथी मारलेला कर. आपल्या ‘लादणे’चा प्रवासही असाच झाला आहे आणि शेजारच्या कन्नडमध्येही ‘हेरु’ म्हणजे ओझे लादणे, तर भाषेच्या सक्तीला ‘हेरिके’ म्हणतात. सीमाभागातल्या वाचकाला हे दोन्ही शब्द सांगावे लागत नाहीत.

इंग्रजीने क्रियापद घेतले ते फ्रेंचमधून, आणि तिथे एक गंमत झाली. फ्रेंच ‘पोझे’ हे ‘पोनेरे’चे अपत्य नव्हे, ते उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘पाउसारे’, म्हणजे थांबणे, विसावणे, यापासून आले असून इंग्रजी ‘पॉज’ त्याच घराण्यातला आहे. उच्चाराच्या साम्यामुळे त्याने ‘ठेवणे’ हा अर्थ बळकावला आणि खऱ्या वारसाकडे, म्हणजे ‘पोनेरे’पासून झालेल्या फ्रेंच क्रियापदाकडे, फक्त ‘अंडी घालणे’ हा अर्थ उरला! ‘इंपोझिशन’ हे नाम मात्र थेट लॅटिन वंशाचे आहे. शिक्षा म्हणून दिलेले लिखाण हा त्याचा अर्थही इंग्लंडमधल्या शाळांचाच.

‘इम्पोनेरे’ला फसवण्याचीही छटा होती; तोतया या अर्थाचा ‘इंपोस्टर’ त्यातूनच निघाला. दुकानदार विटका माल ‘गळ्यात मारतो’, तेव्हा मराठीतही तेच घडते.

मराठीत एकच प्रतिशब्द शोधू नये. कर बसवतात, दंड ठोठावतात, अटी घालतात. व्यक्तिमत्त्व ‘इंपोझिंग’ असेल तर ते भारदस्त असते. ‘लादणे’ या शब्दात नापसंती मुरलेली आहे, त्यामुळे ‘नवा कर लादला’ असे छापणाऱ्या बातमीदाराने बातमीबरोबर आपले मतही देऊन टाकलेले असते.