अमेरिकेतले बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांचं मूल्यमापन कसं करावं? त्यांच्या मागे नेमकं काय उरलं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की भाच्याने लिबर्टी युनिव्हर्सिटीत ऑनलाइन एम.ए.ला प्रवेश घेतला, विद्यापीठाच्या साहित्यात जागोजागी संस्थापक डॉ. फॉलवेल यांची आरती ओवाळलेली, आणि गुगल केलं की नुसत्या शिव्या. मग खरं काय समजायचं? मी बरीच वर्षं व्हर्जिनियात राहतो. ख्रिस्ती नाही, त्यामुळे भक्तही नाही आणि दुखावलेला माजी भक्तही नाही. पण या राज्यात राहून हे नाव कानावर पडत नाही असं होत नाही.

शिव्यांचा भाग आधी उरकतो, कारण तो सोपा आहे. १९५८ मध्ये त्यांनी वर्णभेदाच्या बाजूने प्रवचन दिलं. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणारे बिशप डेस्मंड टुटू यांना ढोंगी म्हटलं. एड्स म्हणजे देवाची शिक्षा असं बोलले. १९९९ मध्ये त्यांच्या मासिकाने लहान मुलांच्या 'टेलिटबीज' कार्यक्रमातलं जांभळं बाहुलं समलिंगी असल्याचा इशारा पालकांना दिला, आणि जग हसलं. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी टीव्हीवर बसून त्यांनी स्त्रीवादी, समलिंगी, गर्भपात करणारे यांच्याकडे बोट दाखवलं आणि हे घडायला तुम्हीच हातभार लावलात असं सांगितलं. टुटूंची आणि या शेवटच्या विधानाची त्यांनी माफी मागितली. यातलं काहीही संदर्भ तोडून पसरवलेलं नाही, ते खरोखर बोलले. पण असं बोलणारे प्रचारक अमेरिकेत पैशाला पासरी मिळतात. त्यातल्या बहुतेकांची नावं आज कुणाच्या लक्षात नाहीत. फॉलवेल लक्षात राहिले ते दुसऱ्याच कारणाने.

राजकारणाला सोवळ्याने लांब ठेवणाऱ्या लाखो माणसांना त्यांनी उठवून राजकारणाच्या भर पंगतीत नेऊन बसवलं. माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोठं काम, आणि त्यांच्याच पंथाचं त्यांनी केलेलं सर्वांत मोठं नुकसानही.

हे कळायला बाप्टिस्ट म्हणजे कोण ते थोडं पाहावं लागेल. आपल्याला बाप्टिस्ट ठाऊक असला तर विल्यम केरी, बंगालातल्या सेरामपूरहून मराठीचं व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) काढणारा. या लोकांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. समजत्या वयात ज्याने स्वतः श्रद्धेची कबुली दिली त्यालाच देतात. हे एकदा मानलं की सरकारने कुणाला ख्रिस्ती करणं हा प्रकारच निरर्थक ठरतो. त्यामुळे सरकारी धर्माशी त्यांचं पहिल्यापासून वाकडं. खुद्द व्हर्जिनियात, इंग्रजी अमलात, परवान्याशिवाय प्रवचन दिलं म्हणून बाप्टिस्ट उपदेशक तुरुंगात गेले. १७८६चा व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिला जेफरसनने, पण त्यामागे रेटा लावणाऱ्यांत हे लोक होते. आणि चर्च व सरकार यांच्यामध्ये भिंत हवी हे जेफरसनचं गाजलेलं वाक्य १८०२च्या ज्या पत्रात आहे, ते पत्र कनेटिकटमधल्या बाप्टिस्टांनाच लिहिलेलं आहे.

फॉलवेल ज्या शाखेतून आले ती आणखी कडक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बायबलचा शब्द न् शब्द खरा मानणारे मूलतत्त्ववादी बाप्टिस्ट बाकीच्यांपासून फुटून निघाले. सिनेमा नको, नाच नको, उदारमतवादी चर्चशी संबंध नको. त्यांचा एक पुढारी जे. फ्रँक नॉरिस, टेक्सासचा. त्याने १९२६ मध्ये चर्चमधल्या आपल्या खोलीत एका निःशस्त्र माणसाला गोळ्या घातल्या आणि स्वसंरक्षण म्हणून सुटला! या नॉरिसशी भांडून वेगळ्या झालेल्यांनी १९५० मध्ये मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डला बायबल कॉलेज काढलं. फॉलवेल तिथले, १९५६चे पदवीधर.

त्यांचं घर मात्र धार्मिक वगैरे नव्हतं. वडील कॅरी फॉलवेल धंदेवाईक गडी, दारूबंदीच्या काळात चोरटी दारू विकलेली. १९३१ मध्ये त्यांच्या हातून सख्खा भाऊ गोळी लागून मेला. त्यानंतर ते दारूत बुडाले आणि यकृत जाऊन १९४८ मध्ये वारले. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा. आई भाविक, रविवारी सकाळी रेडिओवर प्रवचनं लावून ठेवायची आणि पोरं अंथरुणात पडून ऐकायची. रेडिओ बंद करायला उठायचा कंटाळा, म्हणून ऐकली असं फॉलवेल पुढे सांगत.

१९५६ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला पस्तीसेक माणसं घेऊन त्यांनी थॉमस रोड बाप्टिस्ट चर्च सुरू केलं, तेही डोनाल्ड डक नावाच्या सरबताच्या कंपनीच्या जुन्या इमारतीत. जमिनीवर साखरेच्या पाकाचा चिकटा होता, तो खरवडून काढावा लागला. मग हा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा दारोदार फिरला, वर्षभरात रेडिओ आणि टीव्हीवरही पोचला. १९५९ मध्ये त्यांनी दारुड्यांसाठी एलिम होम काढलं. या गोष्टीचा उल्लेख टीकाकार सहसा करत नाहीत. माझ्या ऑफिसातला एक सहकारी याच चर्चमध्ये वाढला. आज तो फॉलवेल यांच्या राजकारणाचं नाव काढलं की वैतागतो, पण त्याच्या काकाची दारू एलिममध्ये सुटली हेही तोच सांगतो. बापाची दारू पाहिलेल्या मुलाने ते घर काढलं होतं, मतांसाठी नाही.

आता १९६५चं एक प्रवचन. तारीख २१ मार्च. त्याच दिवशी अलाबामात मार्टिन ल्यूथर किंग सेल्माहून मॉन्टगोमेरीला मोर्चा घेऊन निघाले होते, सोबत देशभरातले पाद्री. इकडे लिंचबर्गमध्ये फॉलवेल व्यासपीठावरून सांगत होते की धर्मोपदेशकाला देवाने राजकारणी व्हायला बोलावलेलं नाही, आत्मे जिंकायला बोलावलंय. कम्युनिझमशी लढणं असो की नागरी हक्कांची चळवळ, शुभवर्तमान सांगायचं सोडून मी दुसरं काही करणार नाही. वरवर पाहिलं तर हा शुद्ध जुना बाप्टिस्ट विचार. पण नेमका त्या दिवशी, नेमका त्या मोर्चाविरुद्ध काढलेला. काळ्या माणसाच्या मताच्या हक्कासाठी पाद्री रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांना चर्चची मर्यादा आठवली. चौदा वर्षांनी, १९७९ मध्ये, त्यांनीच मॉरल मेजॉरिटी ही संघटना काढली: मतदारनोंदणी, निधी, उमेदवार, सगळं. जुन्या प्रवचनाबद्दल विचारल्यावर त्यांनी ते खोटं भविष्यकथन होतं म्हणून झटकून टाकलं.

मधल्या चौदा वर्षांत काय बदललं? त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे गर्भपाताचा हक्क मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा १९७३चा निकाल. पण त्यावर त्यांनी पहिलं प्रवचन दिलं ते १९७८ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. आणि त्या काळी सदर्न बाप्टिस्टांनीसुद्धा (अमेरिकेतल्या बाप्टिस्टांची सर्वांत मोठी संघटना) १९७१च्या ठरावात काही परिस्थितीत गर्भपाताला मोकळीक मागितली होती. हा विषय कॅथलिकांचा समजला जाई. रँडल बामर हे इतिहासकार दुसऱ्या कारणावर बोट ठेवतात: खासगी ख्रिस्ती शाळा. दक्षिणेत सरकारी शाळांत काळी-गोरी मुलं एकत्र बसू लागली तशा या शाळा उगवल्या. फॉलवेल यांनीही १९६७ मध्ये एक काढली, आणि गावच्या वर्तमानपत्राने ती गोऱ्या मुलांची शाळा असल्याचंच छापलं. (पुढे तिथे काळ्या मुलांनाही प्रवेश मिळाला.) १९७८ मध्ये आयकर खात्याने भेदभाव करणाऱ्या खासगी शाळांची करसवलत काढायचा प्रस्ताव आणला आणि पाद्री मंडळी खवळली. मॉरल मेजॉरिटीच्या मागचा डोकेबाज माणूस पॉल वायरिक यानेही पुढे हेच कारण सांगितलं. सगळे इतिहासकार बामर यांच्याशी सहमत नाहीत. गर्भपाताबद्दलची चीड सामान्य भाविकांत खरी होती, ती नाटकी नव्हती. मला मात्र तारखांचा क्रम नजरेआड करता येत नाही.

गंमत बघा, १९८० मध्ये ज्यांना पाडायला ही फौज निघाली ते जिमी कार्टर स्वतः सदर्न बाप्टिस्ट, संडे स्कूलमध्ये शिकवणारे. आणि ज्यांना निवडून आणायचं ते रेगन घटस्फोटित, हॉलिवूडचे. विजयाचं श्रेय फॉलवेल यांनी बिनदिक्कत घेतलं. ते तेवढं खरं नव्हतं. महागाई आणि इराणमधले ओलीस यांनी कार्टर तसेही गाळात रुतले होते. खरा परिणाम सावकाश झाला. गोरे इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ, प्रचारावर भर देणारे प्रोटेस्टंट) आणि रिपब्लिकन पक्ष यांची गाठ अशी बसली की २०१६ मध्ये त्यांच्यातल्या दहापैकी साधारण आठ मतदारांनी ट्रम्पना मत दिलं.

फॉलवेल यांच्यावरचा सगळ्यात जहाल हल्ला डाव्यांकडून आला नाही, हे मराठीत कुठे वाचायला मिळत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. कॅथलिक, मॉर्मन, ज्यू यांना एकाच संघटनेत घेतलं म्हणून कडव्या मूलतत्त्ववाद्यांनीच त्यांना वाळीत टाकलं. साउथ कॅरोलायनाच्या बॉब जोन्स ज्युनियर यांनी तर बायबलनिष्ठ धर्माच्या दृष्टीने हा अमेरिकेतला सर्वांत घातक माणूस असं म्हटलं. त्यांच्या चष्म्यातून ते बरोबरच होतं. वेगळं राहणं हाच ज्यांचा धर्म, त्यांना आघाडीचं राजकारण म्हणजे धर्मांतरच. १९९६ मध्ये फॉलवेल सदर्न बाप्टिस्टांत सामील झाले तेव्हा ही जुनी नाळही तुटली.

माणूस म्हणून ते मोकळेढाकळे होते, हे विरोधकही मान्य करतात. १९८७ मध्ये पीटीएल या टीव्ही-चर्चचा बोजवारा उडाला, फॉलवेल यांनी कारभार हातात घेतला आणि पैसे जमले तर तिथल्या वॉटर पार्कच्या घसरगुंडीवरून उतरेन असं कबूल केलं. पैसे जमले. मग सूट-टाय घालून, छातीवर हातांची घडी करून, आडवे पडून ते खरोखर खाली घसरत आले. 'हसलर' या अश्लील मासिकाच्या लॅरी फ्लिंटने त्यांच्या आईवर अत्यंत गलिच्छ विडंबन छापलं, तो खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८८ मध्ये फॉलवेल ८-० असे हरले. आज अमेरिकेत सार्वजनिक व्यक्तीची टवाळी करण्याचं स्वातंत्र्य ज्या निकालावर उभं आहे, त्यावर त्यांचंच नाव आहे. पुढे फ्लिंट आणि ते दोघं जाहीर वादविवाद करत एकत्र फिरले, दोस्त झाले. फॉलवेल गेल्यावर फ्लिंटने त्यांच्यावर मित्र म्हणून लेख लिहिला. मेल व्हाइट यांचं प्रकरण आणखी चमत्कारिक. फॉलवेल यांचं आत्मचरित्र पडद्याआडून लिहून देणारा हा माणूस स्वतः समलिंगी असल्याचं जाहीर करून बाहेर पडला. १९९९ मध्ये तो दोनशे जणांना घेऊन लिंचबर्गला आला तेव्हा फॉलवेल त्यांना भेटले. शिकवण मात्र तसूभर बदलली नाही. नंतर व्हाइट त्यांच्या चर्चसमोरच घर घेऊन राहिला.

तुमच्या भाच्याच्या विद्यापीठाबद्दल. १९७१ मध्ये छोटं बाप्टिस्ट कॉलेज म्हणून निघालेली लिबर्टी आज ऑनलाइन धरून लाखावर विद्यार्थ्यांची आहे, पदवी मान्यताप्राप्त आहे. १५ मे २००७ रोजी फॉलवेल तिथल्याच आपल्या कार्यालयात कोसळले आणि गेले, पुरलेही त्याच आवारात. गादी मुलाकडे गेली, हा मला त्यांच्या हिशेबातला सर्वांत ढिसाळ भाग वाटतो. ज्युनियर फॉलवेल २०२० मध्ये खासगी भानगडींवरून पायउतार झाले. २०२४ मध्ये, कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती कायद्याप्रमाणे न दिल्याबद्दल केंद्रीय शिक्षण खात्याने विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड केला. भाच्याने शिकावं खुशाल. फक्त संस्थापकाबद्दल विद्यापीठाच्या बाहेरचंही वाचावं.

वाचायचं तर आधी कॅल थॉमस आणि एड डॉब्सन यांचं. दोघं मॉरल मेजॉरिटीच्या आतल्या गोटातले. १९९९ मध्ये त्यांनी मिळून पुस्तक लिहिलं आणि सांगितलं की सत्तेच्या वाटेने समाज सुधारायला निघालो ते फसलं, चर्चचं मूळ काम मागे पडलं. फॉलवेल यांना ते पटलं नाही; २००४ मध्ये त्यांनी जवळपास त्याच नावाने संघटना पुन्हा उभी केली. राजकारणाच्या बाजूने पाहिलं तर फॉलवेल जिंकले म्हणायला हवं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा तो १९७३चा निकाल मोडीत काढला. चर्चच्या बाजूने मी थॉमस-डॉब्सन यांच्याकडे झुकतो. माझा तो सहकारी अजून दर रविवारी चर्चला जातो, पण निवडणुकीच्या वर्षात व्यासपीठावरून उमेदवाराचं नाव निघत नाही असं चर्च शोधून.