जुनं रिव्हॉल्व्हर हातचं घालवू नकोस

पैशांची अगदी अडचण नसेल, तर समोर आलेलं चांगलं मॉडेल १९ रिव्हॉल्व्हर सोडू नकोस. स्मिथ अँड वेसन या कंपनीनं ते १९५५ साली ‘कॉम्बॅट मॅग्नम’ म्हणून आणलं. इथे अमेरिकेत पोलिसांच्या कमरेला ते इतकी वर्षं दिसलं, की त्याचं अप्रूपच उरलं नव्हतं. पुढे पोलीस मॅगझिनवाल्या पिस्तुलांकडे वळले, तेव्हा अशी रिव्हॉल्व्हरं लोकांनी स्वस्तात काढून टाकली.

कोल्ट कंपनीचं पायथन रिव्हॉल्व्हरही १९५५चंच. ‘पुन्हा घेऊ कधीतरी’ म्हणून विकणाऱ्यांना ते त्या किमतीत परत मिळालं नाही. २०२० मध्ये नवं पायथन आलं खरं, पण त्याची आतली रचना वेगळी आहे. जुन्याचा तो गडद निळा झळाळ बघितलास की मी काय म्हणतोय ते कळेल.

मात्र घाईनं घेऊ नकोस. आधी ते रिकामं असल्याची स्वतः खात्री कर. मग विक्रेत्याला विचारून घोडा (चाप नव्हे, मागचा हातोडीसारखा भाग) अगदी सावकाश मागे ओढ. तो अडकेपर्यंत गोळ्यांचं फिरतं सिलिंडर जागेवर घट्ट बसायला हवं, गोळ्यांच्या सहाही घरांवर. जुन्या कोल्टमध्ये हे बिघडतं आणि दुरुस्त करणारे जाणकार आता थोडेच आहेत. कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट दिसल्या तर पुन्हा पॉलिश झालंय असं समज, आणि भाव पाड.

मूळ डबा, कागद, लाकडी मूठ कधीच वेगळी विकू नकोस. दुसऱ्या राज्यातून घेशील तेव्हा व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच कर.