इंदिराराजेंनी मोडलेली सोयरीक

प्रश्न : बडोद्याच्या राजकन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांशी ठरलेला विवाह मोडून स्वतःच्या पसंतीने लग्न केले, असे वाचनात आले. सयाजीरावांसारख्या सुधारक राजाने आपल्याच मुलीच्या निवडीला विरोध का करावा?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : सयाजीरावांनी 1904 साली बालविवाहाला कायद्याने प्रतिबंध केला आणि 1906 साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यामुळे आपला प्रश्न रास्तच आहे. परंतु राजघराण्यातील विवाह हा त्या काळी दोन संस्थानांमधील करार असे, आणि गायकवाड व शिंदे ही मराठ्यांची दोन मोठी घराणी या सोयरिकीने जोडली जाणार होती. नियोजित वर माधवराव शिंदे यांचा जन्म 1876 चा, तर इंदिराराजेंचा 1892 चा. माधवराव विवाहित होते, मात्र त्यांना अपत्य नव्हते. म्हणजे इंदिराराजेंना सवत म्हणून, तेही पडदा पाळणाऱ्या राजवाड्यात, जावे लागणार होते. त्यांच्या मातोश्री चिमणाबाई यांनी 1911 मध्येच भारतीय स्त्रीच्या स्थितीवर सहलेखकासह इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला होता, ही विसंगती मला फार खटकते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली दरबाराच्या निमित्ताने इंदिराराजेंची बंगालकडील कूचबिहार संस्थानाचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी जवळीक वाढली आणि त्यांनी आईवडिलांना न कळवता, स्वतःच्या हाताने ग्वाल्हेरला नकाराचे पत्र धाडले. राजकन्येच्या या पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा करणारी ग्वाल्हेरची तार आली, तेव्हा कुठे बडोद्याच्या राजवाड्यात हा प्रकार समजला. काळही वाईट होता. सम्राट पंचम जॉर्ज यांना सयाजीरावांनी रीतीप्रमाणे मुजरा केला नाही, म्हणून इंग्रजी वृत्तपत्रांनी नुकतीच त्यांच्यावर टीकेची झोड उठवली होती. त्यात ही नवी नाचक्की झाली. शिवाय जितेंद्र धाकटे, म्हणजे गादीचे वारस नव्हते. त्यांचे घराणे मराठा नव्हते, आणि ब्राह्मो समाज या बंगालमधील धर्मसुधारक पंथाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या कन्या सुनीतिदेवी त्यांच्या मातोश्री असल्याने घरात ब्राह्मो संस्कार होते. कूचबिहारच्या मंडळींची पाश्चात्त्य, मौजेची राहणीही बडोद्यास रुचणारी नव्हती.

अखेर आईवडिलांना माघार घ्यावी लागली आणि 1913 साली लंडनमध्ये ब्राह्मो पद्धतीने हा विवाह झाला, पण त्या वेळी माहेरचे कोणीही उपस्थित नव्हते. थोड्याच दिवसांत थोरल्या दिरांचे निधन होऊन जितेंद्र कूचबिहारचे महाराजा झाले.

केवळ एक गाजलेले प्रेमप्रकरण म्हणून या घटनेकडे पाहणे मला अपुरे वाटते. एकविशीही न गाठलेल्या मुलीने दोन दरबारांचा शब्द मोडला, आणि तोही कोणा वडीलधाऱ्याला मध्ये न घालता, हे त्यातले मोठे धाडस आहे. पुढे 1922 मध्ये जितेंद्र यांचे निधन झाल्यावर अल्पवयीन मुलाच्या वतीने इंदिराराजेंनी 1936 पर्यंत कूचबिहारचा कारभार पाहिला. त्यांची कन्या गायत्रीदेवी यांनी जयपूरचे महाराजा मानसिंह यांच्याशी विवाह करण्याचे ठरवले, तेव्हा त्यांना आधीच दोन राण्या असल्याने इंदिराराजेंनाच ते पसंत पडेना. त्यांनी मुलीला थांबायला सांगितले, पण मुलगी ठाम राहिली आणि 1940 साली ते लग्न झाले.