संत्र्याचा कागद आणि लंडनचं घड्याळ

प्रश्न : ताई, मी 32 वर्षांची. मानेवाड्यात राहते. फळं निर्यात करणाऱ्या एका छोट्या कंपनीत कागदपत्रांचं काम बघते: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (माल रोग-किडीमुक्त असल्याचा दाखला). बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि आमच्या काटोल-वरूडच्या मालाचं गणितच बिघडलं. तेव्हापासून डोक्यात आहे, हे ठरवतं कोण? एका ब्रिटिश विद्यापीठाचं ‘जागतिक धोरण’ विषयातलं ऑनलाइन मास्टर्स सापडलंय, दोन वर्षांचं. नोकरी सोडता येणार नाही. मुलगा दुसरीत आहे. नवरा म्हणतो, कर. सासूबाई म्हणतात, “आता शिकून कोणत्या देशाचं राज्य चालवायचं आहे?” झेपेल का?
– प. का., नागपूर

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. प्रश्न खोचक आहे, पण चुकीचा नाही.

आधी तासांचा हिशेब. ब्रिटनमध्ये मास्टर्स साधारण 180 क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटमागे 10 तासांचा अभ्यास धरतात. झाले 1800 तास. दोन वर्षांत बसवायचे तर आठवड्याला 17 तास, तेही दिवाळी, लग्नं, मुलाचा ताप काहीही न धरता. म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज दोन तास आणि शनिवार-रविवार मिळून सात. तेच तीन वर्षांवर नेलं तर आठवड्याला साडेअकरा. ते जमतं. तीन वर्षांची मुभा नसेल, तर दुसरं विद्यापीठ बघा.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतं. ब्रिटिश विद्यापीठांचं पहिलं सत्रही नेमकं तेव्हाच. दिवसभर ऑफिसात गाड्यांचे फोन आणि रात्री तीन हजार शब्दांचा निबंध, असं करू नका. जानेवारीत प्रवेश मिळतो का विचारा. नसेल तर त्या सत्रात एकच विषय घ्या.

मी हे सगळं केलेलं आहे, सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात नोकरी करत असताना. लंडनचा संध्याकाळी सहाचा तास हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेअकराला यायचा. घर झोपलेलं, मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी, लॅपटॉप पोळपाटावर (उंची बरोबर जमते, हसू नका). मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं एक तास पुढे जातात, हे मला पाठ होतं. तरी त्या आठवड्यात मी आपली साडेअकरालाच बसले, चहा घेऊन, माझ्या सादरीकरणाची पानं मांडून. तास साडेदहाला सुरू होऊन संपलेला. माझी पाळी येऊन गेली, म्हणून शून्य. दोष कोणाचा? माझाच. तेव्हापासून फ्रिजवर दोन घड्याळं असायची, एकाखाली ‘लं’ लिहिलेलं. तुमच्या मुलाला दोन घड्याळं वाचायला शिकवा, त्यालाही मजा येईल.

पैशांचं थोडक्यात सांगते. सगळी फी एकदम भरू नका, विषयागणिक भरायची सोय असेल तेच निवडा. पुढे सरकारी नोकरी किंवा पीएच.डी. मनात असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीला इथे समकक्षता मिळेल का, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या. फोनवरचं “हो हो, चालतं” धरू नका. खर्च झेपणार नसेल तर इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. तिथल्या राज्यशास्त्राच्या किंवा लोकप्रशासनाच्या एम.ए.लाही कोणी हलकं समजू नये.

पण मला खरं बोलायचंय ते तुमच्या “ठरवतं कोण” या प्रश्नावर. असा प्रश्न हाताशी नसला की माणूस दुसऱ्या सत्रात गळतो. माझ्या वर्गातले हुशार लोक गळाले. टिकले ते कुठल्या तरी खटक्यामुळे आलेले. तुमचा खटका बघा. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक देश आपल्या आयात शुल्काची कमाल मर्यादा लिहून देतो. त्या मर्यादेच्या आत कितीही वाढवलं तरी नियम मोडत नाही. म्हणजे ‘अन्याय’ आणि ‘नियमभंग’ या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार, 2006 पासून अमलात आहे, पण त्यात प्रत्येक देशाची एक ‘संवेदनशील यादी’ असते. त्या यादीतल्या मालाला सवलत नाही. आपलं फळ बांगलादेशाच्या यादीत आहे का, हे शोधणं हा तुमचा पहिला गृहपाठ.

दुसरा गृहपाठ याहून रंजक. आपण म्हणतो ‘नागपूर ऑरेंज’, जीआय मानांकनही त्याच नावाने. वनस्पतिशास्त्रात मात्र ते मँडरिन. सीमाशुल्काच्या जागतिक वर्गवारीत ऑरेंजचा क्रमांक 080510 आणि मँडरिनचा 080521. एकाच फळाची दोन नावं, दोन आकडे! प्रबंधाचा विषय यातून निघाला तर मला नवल वाटणार नाही. मदतीला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थाही आपल्याच गावात आहे.

फॉर्म भरायच्या आधी आठ रविवार सकाळी सात ते दहा फक्त या दोन गृहपाठांना द्या. त्या वेळात मुलाचे पोहे सासूबाईंकडे. नवव्या रविवारी उठावंसं वाटलं तर फॉर्म भरा. सलग तीन रविवार बुडाले तर वर्षभर थांबा. त्यात काही कमीपणा नाही.

आणि हो, सोमवारी ऑफिसात जुन्या फाइली काढून बघा, तुमच्या इन्व्हॉइसवर यातला कोणता आकडा टाकतात. मला कळवा. मलाही बघायचंय.