कायद्याचा सल्ला : गोणी उचलली, आत काय ते ठाऊक नव्हते

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बाजारात हमाली करतो. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने त्याला गोण्या टेम्पोत चढवायला लावून उतरवण्यासाठी सोबत पाठवले. नाक्यावर तपासणीत दोन गोण्यांत मिळून २६ किलो गांजा सापडला. चालक पळाला, भाऊ कोठडीत आहे. व्यापारी म्हणतो, वकील मी देतो. आधार कार्डावर भावाला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, व्यापाऱ्याने देऊ केलेला वकील कृपया घेऊ नका. माल कोणाचा, या प्रश्नाच्या उत्तरावर तुमच्या भावाचा बचाव उभा राहणार आहे आणि ते उत्तर पुढे येणे त्या व्यापाऱ्याला परवडणारे नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा.

प्रकरण गंभीर आहे, हे तुमच्यापासून लपवणे योग्य होणार नाही. गांजाच्या बाबतीत २० किलोच्या वर ‘व्यापारी प्रमाण’ (म्हणजे सर्वांत कडक शिक्षेचा मोठा साठा) धरले जाते आणि एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात, त्यासाठी किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे. आरोपी दोषी नसावा असे मानण्यास सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय कलम ३७ नुसार जामीन मिळत नाही. शिवाय माल ताब्यात होता हे सरकार पक्षाने दाखवले, की कलम ३५ आणि ५४ अन्वये आरोपीला त्याची जाणीव होती असे गृहीत धरले जाते, आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणून ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे तोंडी सांगून भागत नाही. ते परिस्थितीतून दिसावे लागते.

ती परिस्थिती तुमच्या हाताशी आहे, पण ती फार काळ टिकणार नाही. त्या दिवशी त्याला नेहमीच्याच दराने हमाली मिळाली असेल, तर ही बाब फार मोलाची आहे, कारण जाणूनबुजून एवढी जोखीम पत्करणारा माणूस रोजच्या मजुरीवर ती पत्करत नाही. मुकादमाच्या वहीतील नोंद, गोण्यांची तोंडे आधीच शिवलेली होती हे पाहिलेले टोळीतील सोबती, व्यापाऱ्याने फोनवर पाठवलेला निरोप, हे सारे वकिलाला आजच सांगा. गाळ्यावरील सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते जपून ठेवण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळवण्यास वकिलाला सांगा. सोबत्यांना मात्र काय बोलायचे ते पढवू नका, त्याने खरी साक्षही संशयास्पद ठरते.

व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात. ही मुदत न्यायालयाने वाढवली नाही आणि दोषारोपपत्रही आले नाही, तर जामिनाचा हक्क निर्माण होतो. परंतु दोषारोपपत्र दाखल होण्याआधी त्यासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून तारखेकडे लक्ष ठेवा.

राहिला वयाचा मुद्दा, आणि कदाचित तोच सर्वांत महत्त्वाचा ठरेल. आधार कार्डावरील जन्मतारीख अनेकदा अंदाजाने घातलेली असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला पहिले स्थान आहे, तो नसल्यास महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीला. घटनेच्या दिवशी तो अठराच्या आत होता असे त्यावरून दिसले, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल आणि जामिनाचा विचार त्याच कायद्यातील कलम १२ नुसार, कितीतरी सौम्य निकषांवर होईल. हा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर करता येत असला, तरी शाळेत उद्याच जाऊन दाखला आणा.